दिवसा बाजार, रात्री तंबू

पत्र : ताई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय 63. लहानपणी आमच्याकडे जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. बैलगाडी जोडून, घोंगडी आणि भाकरी बांधून आम्ही सगळे जायचो. पुढे मोठा झाल्यावर अहमदाबादला चुलतबहिणीकडे गेलो, तेव्हा मेहुण्यांनी ड्राइव्ह-इन थिएटर दाखवलं. मोटारीत बसून उघड्या आभाळाखाली सिनेमा! त्या रात्री मला आमचा तंबूच आठवत राहिला. निवृत्तीनंतर जुन्या बाजारांचा नाद लागला. धुळे, मालेगाव, भुसावळ, कधी पुण्याचा जुना बाजार. घरात आता व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, कर्ण्याचा ग्रामोफोन आहे, दोन एचएमटी घड्याळं, समया, रेल्वेचा कंदील आहे. सध्या एका भंगारवाल्याकडे टुरिंग टॉकीजचं प्रोजेक्टर मशीन आलंय, सोबत रिळांच्या दोन पेट्या. सगळ्याचे 45 हजार सांगतो. तंबूवाल्याच्या मुलानं आणून टाकलं म्हणाला. बायको म्हणते, ‘हाई भंगार घरमा कसाले लयनात?’ मुलगा नाशिकला असतो, तो म्हणतो, बाबा, भूतकाळात राहू नका. मशीन घेऊ का? बाजारात फसू नये म्हणून काय पाहावं? आणि हे वेड वाईट आहे का, खरं सांगा.

उत्तर : गुरुजी, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मशीनचा निर्णयही त्यावरच ठरणार आहे. हे वेड वाईट नाही. तुम्हाला जे आठवतं ते आठवण्यासारखंच होतं, आणि त्याची नीट नोंद कुठे झालेली नाही. खान्देशात टुरिंग टॉकीजचा धंदा केलेली, त्यात मशीन चालवलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यामुळे तुमचा नाद उशिराचा नाही, अगदी वेळेवरचा आहे. फक्त तो सध्या थोडा चुकीच्या वाटेनं, म्हणजे भंगारवाल्याच्या दुकानातून चाललाय.

तुम्ही दोन नाद लिहिलेत, उघड्यावरचा सिनेमा आणि जुना बाजार. मला ते दोन वाटत नाहीत. ड्राइव्ह-इनची सुरुवात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ 6 जून 1933 ला झाली. रिचर्ड हॉलिंग्सहेड या गृहस्थांनी त्याआधी घरासमोरच प्रयोग करून पाहिले होते. झाडांना पडदा ठोकला, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, पडद्यामागे रेडिओ लावला. मागच्या मोटारीतल्यांना पुढच्या मोटारीचं टप आड येतं, म्हणून चाकांखाली ठोकळे सरकवून उंचीचा अंदाज घेतला आणि त्यातून चढत्या रांगांची युक्ती निघाली. पावसात कसं दिसेल हे कळावं म्हणून काचेवर बागेतला फवारा सोडला. पुढच्या 25 वर्षांत अमेरिकेत अशी 4 हजारांवर थिएटरं झाली. मग घराघरांत टीव्ही आला, शहराकडेच्या जमिनींचे भाव चढले, आणि एकेक पडदा उतरला. जी तगली, त्यांतली कित्येक एका वेगळ्याच उत्पन्नावर तगली. दिवसा ते आवार मोकळंच पडलेलं असायचं, म्हणून मालकांनी तिथे जुन्या वस्तूंचे बाजार भरवायला सुरुवात केली. सकाळी लोक गाडीच्या डिकीतून जुनी भांडी, हत्यारं, खेळणी काढून विकायला मांडत आणि रात्री त्याच जागेवर मोटारी लावून सिनेमा बघत.

आता आपली जत्रा डोळ्यांपुढे आणा. वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार उभा राहतो. दिवसा भाव करायचा, रात्री करमणूक बघायची, तेच मैदान, तीच माणसं. गाड्या सोडलेल्या, बैल खुंट्याला बांधलेले, पलीकडे कनातीत पडदा. अहमदाबादचं ड्राइव्ह-इन 1973 साली सुरू झालं, मुंबईत वांद्र्याचं 1977 ला झालं आणि 2003 ला बंदही पडलं. मोटारीत बसून सिनेमा बघायची हौस आपल्या शहरांना सत्तरच्या दशकात कळली. आपल्या माणसांनी ती त्याच्या कितीतरी आधी बैलगाडीत बसून भागवली होती. तेव्हा अहमदाबादेत तुम्हाला तंबू आठवला, यात नवल काही नाही.

आता मशीन. 45 हजारांना घेऊ नका. का, आणि कितीला चालेल, ते सांगते. पण त्याआधी ते पाहायचं कसं ते समजून घ्या, म्हणजे भाव करताना तुमच्या बोलण्यात वजन येईल.

तंबूतलं मशीन बहुतेक 35 मिलिमीटरचं असतं. पडद्यावर चित्र वाहताना दिसतं, पण मशीनमध्ये फिल्म एका सेकंदात 24 वेळा थांबते. एक चौकट दिव्यासमोर येते, क्षणभर थबकते, खाली सरकते, लगेच दुसरी येते. हे थांबणं-सरकणं ज्या लहानशा खाचांच्या चाकामुळे होतं, त्याला माल्टीज क्रॉस म्हणतात. तो तेलाच्या बंद डबीत असतो, बाहेरून दिसत नाही. म्हणून मशीनचं हाताचं चाक सावकाश फिरवा आणि फिल्म दिव्यासमोरून जिथून सरकते त्या खिडकीच्या, म्हणजे गेटच्या, लगेच खालच्या दातेरी रुळाकडे बघा. तो थांबून-थांबून, दर खेपेला चार दात पुढे गेला पाहिजे, कारण एका चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. अडकत असेल किंवा नुसताच गरगरत असेल, तर क्रॉस गेलेला आहे आणि मशीन फक्त शोभेचं. मग दातांवरून बोट फिरवा. झिजून आकड्यासारखे वळले असतील तर असं मशीन फिल्म फाडतं. त्यानंतर लेन्स. भंगारात येण्याआधी मशीनची लेन्स बहुधा कोणीतरी काढून घेतलेली असते. असलीच, तर उजेडाकडे धरून आत बुरशीचे धागे धरलेत का ते पाहा. अंगावरचा पितळी बिल्ला शोधा. बॉयर, एर्नेमान, वेस्ट्रेक्स, सिम्प्लेक्स यांपैकी काही नाव आणि खाली नंबर असेल तर वहीत उतरवून घ्या, फोटो काढा.

मागच्या पेटीत दिवा असतो. जुन्या मशीनमध्ये तो कार्बनचा. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, मधल्या फटीत विजेचा झोत. कांड्या जळून आखूड होत जातात, म्हणून ऑपरेटरला काळ्या काचेतून बघत त्यांच्यातलं अंतर सारखं राखावं लागे. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि तंबूतून शिट्ट्या सुरू. हा दिवा घरी पेटवायचा नाही, गुरुजी, हे मी अगदी ठासून सांगते. त्याच्या झोताकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर डोळ्यांना इजा होते, धूर विषारी असतो आणि त्याला लागणारी वीज घरच्या प्लगमधून घ्यायची नसते. मशीन घेतलंच तर ते हातानं फिरवून दाखवण्यासाठी घ्यायचं. गावातल्या पोरांना क्रॉसची थांब-चाल दाखवलीत तरी पैसे वसूल. तुम्ही शिक्षक आहात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

आता भाव. भंगारवाल्यानं ते वजनावर घेतलंय असंच धरून चाला. बिडाचं किती, अ‍ॅल्युमिनियमचं किती, तांबं-पितळ किती, असा अंदाज काढा आणि त्या दिवशीचा भंगाराचा भाव लावा. क्रॉस फिरतोय, लेन्स जागेवर आहे, बिल्ला शाबूत आहे, तर त्या रकमेच्या दुप्पट-अडीचपट द्यायला हरकत नाही. लेन्स नसेल तर वजनाच्या भावावर थोडं चढवून थांबा. हे मशीन हौशी माणसाशिवाय कोणी घेत नाही, आणि आपल्या भागात असे हौशी कितीसे सापडणार? दोन आठवडे तिकडे फिरकू नका. भाव आपोआप खाली येईल.

रिळांच्या पेट्यांबद्दल मात्र घाई करा. झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आतून कुजायला लागली आहे. हा रोग शेजारच्या रिळांनाही लागतो, म्हणून ती पेटी वेगळी ठेवायची, थंड आणि कोरड्या जागी, घट्ट बंद न करता. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ असं इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं, भिंगातून वाचता येतं. ते नसलं आणि फिल्म 1950 च्या आसपासची किंवा आधीची वाटली, तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते, पाण्यानंही विझत नाही. घरात, गोठ्यात, चुलीच्या आसपास कुठेही ठेवायची नाही. 2003 मध्ये पुण्यात संग्रहातल्या जुन्या नायट्रेट फिल्मना आग लागून कितीतरी मूकपटांचा आणि सुरुवातीच्या बोलपटांचा अमोल ठेवा गेला. त्याच्या कितीतरी आधी पुष्कळ जुन्या फिल्म लोकांनी चांदीसाठी वितळवल्या होत्या, कारण काळ्या-पांढऱ्या फिल्मवरच्या थरात चांदी असते. तेव्हा तुमच्या पेटीत काय आहे हे भंगारवाल्याला ठाऊक नसलं, तरी ते किरकोळ समजू नका. रीळ मशीनवर चढवून बघायचा मोह टाळा, आकसलेली फिल्म तडकते. सुरुवातीच्या काही फुटांवर सिनेमाचं नाव किंवा सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, तेवढं भिंगानं बघा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. 1964 पासून ते हेच काम करतंय. फिल्मबरोबर पोस्टर, गाण्यांच्या चोपड्या, तिकिटं असली तर तीही ते बघतात.

बाजाराचं थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंचसं तुम्हाला आता अंगवळणी पडलं असेल. पण तुमच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनबद्दल मला शंका आहे. जुन्या बाजारांत चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी आणि कुत्र्याचं चित्र असलेले जे ग्रामोफोन दिसतात, त्यांतले बहुसंख्य गेल्या 30-40 वर्षांत शोभेसाठी बनवलेले आहेत. पेटीचं लाकूड हलकं, स्क्रू नवे, कर्ण्याचा पत्रा पातळ, चित्राचा स्टिकर ताजा, एवढं जुळलं की समजायचं. आपल्याकडच्या घरांतून खरोखर वाजला तो बिनकर्ण्याचा, सुटकेससारखा मिटणारा. एचएमव्हीचं 102 नंबरचं मॉडेल 1931 पासून पुढे बरीच वर्षं निघत होतं, तो कुठे मिळाला तर घ्या. त्यावर लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्याच तबकड्या लावायच्या आणि सुई दर बाजूला बदलायची. पुढच्या काळातली प्लास्टिकची तबकडी लावलीत तर ती एका फेरीत खरवडून निघेल.

एचएमटीचंही तसंच. कंपनीनं जपानच्या सिटिझनबरोबर 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. जनता, पायलट ही नावं घरोघरी झाली. आता बाजारात लाल, निळ्या, हिरव्या तबकडीची जी ‘जुनी जनता’ मिळते, ती बहुतेक जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवून केलेली असते. भिंगातून अक्षरं बघा. कडा फुगलेल्या, रेघा जाड-बारीक, मिनिटांच्या खुणा किंचित तिरक्या, म्हणजे रंगवलेली. पिवळसर पडलेली, डाग असलेली मूळ तबकडी कमी देखणी दिसली तरी तीच घ्यावी. रेडिओ एकदम प्लगला लावू नका. आतले जुने कंडेन्सर फुटतात, आणि काही संचांत धातूच्या सांगाड्यातच करंट उतरलेला असतो. सिरीज बल्ब लावून तपासणारा जुना मेकॅनिक शोधा, धुळ्या-जळगावात अजून मिळतात. पितळ-तांब्याला एकदम घासूनपुसून लखलखीत करायची घाई नको, जुना रंग एकदा गेला की परत येत नाही. खायच्या-पाण्याच्या भांड्याला मात्र कल्हई हवीच.

रेल्वेच्या कंदिलाचं जरा गंभीर आहे. भुसावळमुळे आपल्या भागातल्या बाजारात रेल्वेचे कंदील, पितळी टोकनचे गोळे, गार्डच्या शिट्ट्या येत राहतात. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते, त्याची पावती असते. पावतीविना रेल्वेचा माल जवळ बाळगणं हा 1966 च्या कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. कंदील ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडून निदान लिहून घ्या. हस्तिदंताची वस्तू तर घेऊच नका, कितीही जुनी सांगितली तरी. 100 वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, कोरीव खांब असं काही हाती आलं, किंवा 75 वर्षांपेक्षा जुनी पोथी, तर ती 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. परदेशी धाडणं बंदच आहे. शेतात नांगरताना नाणी सापडली म्हणून कोणी गुपचूप विकायला आलं, तर हात लावू नका.

घासाघीस करण्याविषयी माझं एक ठाम मत आहे. पक्क्या दुकानदाराशी हवं तितकं भांडा, त्याचा तो व्यवसायच आहे. पण बाजाराच्या कडेला पोत्यावर घरचीच चार भांडी मांडून बसलेली बाई दिसली, तर भाव पाडू नका. घरात लग्न असेल, दवाखाना असेल, पाऊस गेलेला असेल, त्याशिवाय हंडा-घंगाळ मोडीत निघत नाही. त्या हंड्याच्या गळ्यावर ठोक्यांनी घातलेलं नाव वाचा. कोणाच्या लग्नात कोणी दिलेला, कोणतं गाव, कोणतं साल, ते तिला विचारा आणि लिहून घ्या. ते नाव पुसून हंडा चकचकीत केलात तर हाती नुसतं पितळ राहतं.

माझ्या सांगण्याचा गाभा आता येतो. धुळ्याला येत-जात असता, तर राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन या, आधी गेला असलात तरी पुन्हा. इतिहासाचार्य राजवाडे उभ्या महाराष्ट्रात गावोगाव दप्तरं हुडकत फिरले, लोकांच्या माळ्यांवरून, रद्दीतून कागद काढले. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. तसंच चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस यांच्या घराचं संग्रहालय. या माणसानं आपल्या घरात राहून फोटोग्राफी केली, कलावस्तू जमवल्या, आणि 1989 मध्ये गेल्यानंतर ते घरच लोकांना बघायला मिळालं. दोन्ही ठिकाणी तुम्हाला दिसेल की वस्तू एकटी नसते, ती कुठून आली ते सांगणारं कोणीतरी तिच्या मागे उभं असतं.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, तंबूवाल्याच्या मुलानं मशीन आणून टाकलं. गुरुजी, भंगारवाल्याकडून मशीनआधी त्या मुलाचा पत्ता घ्या. दोनशे-पाचशे रुपये त्यासाठी द्यावे लागले तरी द्या. त्याचे वडील हयात असतील तर त्यांच्याकडे जा. नसतील तर त्यांचा ऑपरेटर, डोअरकीपर, जनरेटर सांभाळणारा, जीपवर भोंगा बांधून गावोगाव ओरडत जाणारा, यांपैकी कोणीतरी नक्की भेटेल. घरात एखादी पत्र्याची पेटी असेल, तिच्यात परवाना, तिकिटांची पुस्तकं, हिशेबाच्या वह्या असतील. त्या मुलानं मशीन विकलं, पण कागद अजून विकले नसतील, कारण त्यांना वजनच नाही.

विचारायचं काय? तंबूचा वर्षाचा फेरा विचारा. कोणत्या जत्रेनंतर कोणती, कुठून कुठे, किती मुक्काम. पावसाळ्यात तंबू कुठे ठेवायचे? सिनेमा कुठून आणायचे, पेट्या रेल्वेनं यायच्या की एसटीनं? सिनेधंद्यात वितरणासाठी सेंट्रल सर्किट म्हणून जो भाग ओळखतात, त्याच्या संघटनेचं मुख्यालय भुसावळला आहे, हे आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना माहीतही नसतं. तंबूवाल्यांची तिथे कशी ये-जा होती, पैसे आगाऊ द्यावे लागत की टक्केवारीवर, हे त्यांच्याच तोंडून यायला हवं. एका मशीनवर दर वीसएक मिनिटांनी रीळ बदलताना तंबूत काय चालायचं? तिकीट न काढता कनातीखालून शिरणाऱ्या पोरांचं काय करायचे? वादळात पडदा फाटला तर? कोणता सिनेमा गावानं पुन्हा-पुन्हा मागितला, आणि कोणता आपटला?

हे सगळं फोनवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी घेऊन. आणि ते जसं बोलतील तसं, अहिराणीत बोलले तर अहिराणीतच राहू द्या. शुद्ध मराठीत उतरवायची मास्तरकी इथे नको. भोंग्यावरची आरोळी तर त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घ्या. तंबूंना 1953 च्या सिनेमा कायद्याखाली परवाना लागायचा आणि तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळायचा. म्हणजे कलेक्टर कचेरीतही माग काढता येईल. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. त्याआधीच्या तिकडच्या तंबूंचे कागद हवे असतील तर धुळ्याला विचारावं लागेल. माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करतात हे तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं झाल्यावरही मशीन घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. तेव्हा त्याची जुजबी किंमतही तुम्हाला जास्त वाटणार नाही, आणि कोणी विचारलं तर सांगायला तुमच्याकडे नाव, गाव, फेरा, सगळं असेल. मुलाला माझ्याकडून एवढंच सांगा की वडील भूतकाळात राहत नाहीत, कामाला लागलेत. रेकॉर्डिंग नीट साठवायचं कसं, कागद स्कॅन कसे करायचे, हे त्याच्याकडून शिका. नाशिकहून तो त्यासाठी दोनदा जास्त येईल, असा माझा अंदाज आहे.

राहिल्या वहिनी. त्यांचं चूक नाही. धूळ त्या पुसतात, पाहुणे आले की जागा त्यांना करावी लागते. एक खोली किंवा एक भिंत ठरवून घ्या आणि नवी वस्तू आली की जुनी एक देऊन टाकायची, हा नियम तुम्हीच आधी मांडा. तो ग्रामोफोन खोटा निघाला तर पहिला तोच जाऊ दे. पण मला तुम्हाला दुसरंच काही विचारायचंय. तंबूत मधोमध कापडाची कनात असायची, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. तुम्ही लिहिलेली सगळी आठवण पुरुषांच्या बाजूची आहे. कनातीच्या पलीकडून काय दिसायचं, कडेवर लेकरू घेऊन तीन तास कसं बसायचं, गर्दीत चपला कुठे ठेवायच्या, कोणतं गाणं बाया घरी नेऊन जात्यावर म्हणायच्या, हे वहिनींना कधी विचारलंत का? त्याही कुठल्यातरी गावच्या लेक आहेत, त्यांच्या माहेरच्या जत्रेतही तंबू लागला असेल. पहिलं रेकॉर्डिंग त्यांचंच करा. मग बघा, त्या भंगाराला भंगार म्हणतात का.

आणि उघड्यावरचा सिनेमा पुन्हा बघायचाच असेल तर मार्गशीर्ष-पौषात, भरताची वांगी भाजतात त्या दिवसांत, शेतावर घरच्या माणसांसाठी एक रात्र करा. भाड्यानं प्रोजेक्टर मिळतो, पांढरी चादर ताणून बांधली की पडदा झाला. रीतसर विकत किंवा भाड्यानं घेतलेला सिनेमा लावा. अख्ख्या गावाला बोलवायचं किंवा तिकीट लावायचं म्हटलं की परवानगी आणि हक्क दोन्ही बघावे लागतील, म्हणून सध्या घरच्यापुरतंच ठेवा. सापडला तर त्या ऑपरेटरलाही बोलवा, गाडी पाठवून.

तंबूच्या फेऱ्याची यादी हाती लागली तर मला पाठवा, कोणत्या जत्रेनंतर कोणती, अगदी मुक्कामाच्या दिवसांसकट. ती या सदरात छापायची माझी तयारी आहे. त्यातल्या गावांतले वाचक आपापलं पुढचं सांगतील.